नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि श्रद्धेचा खरेपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देव, साक्षात्कार, चमत्कार, पुनर्जन्म यांवर बोलणं निघालं की दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळतात. ही समजूत माणसात आली कुठून, हा एक. ती खरी आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसराही मिटला असं धरून चालणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटले आहेत, आणि बरीच वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. काही मी स्वतःलाच विचारलेले आहेत.

श्रद्धेचा उगम कळला की ती खोटी ठरते का?

आपोआप नाही.

रामानुजन यांचं उदाहरण घ्या. नामगिरी देवी आपल्याला स्वप्नात गणितातली सूत्रं देते, असं ते सांगत. या सांगण्यावर तुमचा विश्वास असो वा नसो, सूत्रांचं काय करायचं? जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवलं. त्यात सिद्धतेविना मांडलेली पुष्कळ विधानं होती. हार्डी यांनी ती एकेक करून तपासली. बरीच खरी निघाली, काही आधीच दुसऱ्या कुणी शोधलेली होती, आणि मूळ संख्यांविषयीची काही चक्क चुकलेली होती. सांगणारा माणूस एक, त्याच्या मते उगमही एक, पण निकाल वेगवेगळे. देवी खरोखर स्वप्नात येते हे सिद्ध झालं असतं, तरी चुकलेलं सूत्र बरोबर ठरलं नसतं. स्वप्न म्हणजे निव्वळ मेंदूची करामत हे दाखवून दिलं, तरी बरोबर सूत्राला धक्का लागत नाही.

एक फरक मात्र नजरेआड करू नका. सूत्र तपासायला सिद्धतेची वेगळी वाट होती. देवी दिसली न दिसली, त्या वाटेनं कुणालाही जाता येत होतं. धार्मिक दाव्यांपैकी पुष्कळांना अशी दुसरी वाटच नसते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये’ म्हणतात. मग हा खटाटोप कशासाठी?

ही म्हण मला आवडते, कारण ऋषीला त्याच्या घराण्यावरून जोखू नका, असं ती बजावते. पण नदीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडू लागली, तर मुळापर्यंत जावंच लागतं.

आपल्या दर्शनांमधले दोन जुने दृष्टान्त इथे फार उपयोगी पडतात. अंधारात दोरी पडली आहे आणि तुम्हाला साप दिसला. कुणीतरी दिवा आणला, दोरी दिसली, साप संपला. हा पहिला. दुसरा काविळीचा. कावीळ झालेल्याला पांढरा शंखही पिवळा दिसतो, असं जुने लोक मानत. (वैद्यकीयदृष्ट्या ते फारसं बरोबर नाही, पण दृष्टान्त पक्का आहे.) तुम्हाला कावीळ आहे एवढंच मला कळलं आणि शंख मी पाहिलेलाच नाही, तर मी काय म्हणू शकतो? तुमच्या सांगण्यावरून शंखाचा रंग ठरवता येत नाही, इतकंच. तो पांढरा असेल. पिवळाही असू शकेल. पिवळसर शंख नसतात असं थोडंच आहे? दिव्यानं वस्तूच दाखवली. काविळीनं फक्त डोळ्यावरचा भरवसा काढून घेतला.

सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांच्या मीमांसेत, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, ज्ञान अप्रमाण ठरण्याच्या नेमक्या याच दोन वाटा सांगितल्या आहेत: त्याला खोडून काढणारं बाधक ज्ञान मिळणं, किंवा ज्ञान ज्या कारणातून आलं त्यातच दोष आहे हे कळणं.

श्रद्धेच्या उगमाची बहुतेक संशयवादी स्पष्टीकरणं काविळीच्या जातीची असतात, आणि ती मांडणारे दिवा आणल्याच्या थाटात मांडतात. माझं मुख्य म्हणणं हेच आहे. पण श्रद्धाळू वाचकानं यावर सुटकेचा निःश्वास टाकू नये. रंग सांगणारा डोळा एकच असेल आणि त्यालाच कावीळ असेल, तर रंगाबद्दल हातात काहीच उरत नाही.

देव ही मनाची गरज आहे हे फ्रॉइडनं दाखवून दिलं ना?

मनोविश्लेषणाचा जनक असलेल्या फ्रॉइडनं स्वतः इतका मोठा दावा केलेला नाही. १९२७ साली धर्माला त्यानं ‘भ्रम’ म्हटलं, पण भ्रम म्हणजे चूक नव्हे, हेही तिथेच सांगितलं. भ्रम म्हणजे इच्छेतून जन्मलेली समजूत, आणि अशी समजूत क्वचित खरीही निघू शकते. एखाद्या साध्या घरातल्या मुलीला राजपुत्र येऊन आपल्याशी लग्न करील असं वाटलं, आणि कधीकाळी तसं घडलंही, हे त्यानंच दिलेलं उदाहरण. त्याच्या नावानं बोलणारे लोक ते वगळतात.

त्याच्या आधी १८४१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखनं म्हटलं होतं की माणूस आपलेच उत्तम गुण आभाळावर रेखाटतो आणि त्यांना देव म्हणतो. आणि या दोघांच्या कितीतरी आधी आपल्याकडचे चार्वाक म्हणत होते की बुद्धी आणि पराक्रम नसलेल्यांनी पोट भरण्यासाठी यज्ञयागाची व्यवस्था केली. युक्तिवादाचा साचा तोच: यामागे कुणाची तरी गरज आहे, म्हणून हे खोटं.

मला इच्छेचं स्पष्टीकरण अपुरं वाटतं. नरक कुणाला हवा असतो? मनातलं सगळं जाणून हिशेब ठेवणारा देव कुणी हौसेनं मागेल का? यावर उत्तर येतं की ती अपराधभावाची गरज आहे. मग सुखद समजूत इच्छेतून आली आणि दुःखद समजूत अपराधभावातून आली, असं दोन्हीकडून जिंकणारं स्पष्टीकरण मला श्रद्धेइतकंच तपासून घ्यावंसं वाटतं.

उत्क्रांतीतून श्रद्धा कशी आली हे आता कळलं आहे, त्याचं काय?

ढोबळ कल्पना अशी. गवतात सळसळ झाली. वारा असेल किंवा वाघ असेल. वाऱ्याला वाघ समजणारा उगाच पळाला तरी जगला. वाघाला वारा समजणारा मेला. म्हणून हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे ‘कुणीतरी’ आहे असं मानण्याकडे आपल्या मनाचा ओढा राहिला, आणि अदृश्य शक्तींवरची श्रद्धा त्याच ओढ्यातून आली. जस्टिन बॅरेट या मानसशास्त्रज्ञानं हे स्पष्टीकरण मांडलं. तो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहे, आणि त्याला यात विसंगती वाटत नाही.

‘उत्क्रांतीतून आलं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. डोळेही उत्क्रांतीतूनच आले. विचारायचं ते वेगळंच: गोष्ट खोटी असती तरी ही समजूत अशीच तयार झाली असती का? झाडाच्या बाबतीत नाही, कारण समोर झाड नसतं तर सहसा दिसलं नसतं. अदृश्य ‘कुणीतरी’च्या बाबतीत, हे स्पष्टीकरण बरोबर असेल तर, हो. म्हणजे कावीळ खरी आहे. ‘मला आतून जाणवतं’ एवढ्याच आधारावर जो उभा आहे, त्याच्या पायाखालची जमीन यानं हलते आणि हलायला हवी. पण जग आहेच का, त्यात नियम का आहेत, अशा प्रश्नांतून जो देवापर्यंत पोचला, त्याच्याशी गवतातल्या सळसळीचा फारसा संबंध नाही. त्याचा युक्तिवाद चुकीचा असेल, पण तो युक्तिवाद म्हणूनच खोडावा लागेल.

मेंदूत चुंबकीय लहरी सोडून देवाचा अनुभव देता येतो म्हणे?

कॅनडातल्या मायकेल पर्सिंगर यांनी तसा दावा केला होता. कानशिलांजवळ क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडणारं हेल्मेट घातलं की जवळ ‘कुणीतरी आहे’ असं पुष्कळांना वाटे. मग स्वीडनच्या पेर ग्रॅन्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग अशा रीतीनं केला की क्षेत्र चालू आहे की बंद, हे बसणाऱ्यालाही माहीत नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात क्षेत्राचा काहीच परिणाम आढळला नाही. मुळात जे लोक सूचनेला चटकन वश होतात, त्यांनाच असे अनुभव जास्त आले.

या एका प्रकरणात दोन्ही बाजू घाईनं बोलल्या. हेल्मेट चाललं असतं तरी देव खोटा ठरला नसता. दृष्टिकेंद्राला विजेचा धक्का दिला की प्रकाश दिसतो, म्हणून सूर्य खोटा ठरत नाही. आणि हेल्मेट चाललं नाही म्हणून अनुभव खरे ठरले, हेही नाही. उलट नुसत्या अपेक्षेनं ‘कुणीतरी’ जाणवू शकतं, हे त्याच प्रयोगात दिसलं.

पण मला स्वतःला अनुभव आला आहे. तो भास कसा म्हणता?

याचं उत्तर मी घरातून शिकलो, आणि ते शिकताना चुकलो.

वडील गेल्यावर काही महिने आईला संध्याकाळी दाराशी त्यांचा खोकला ऐकू यायचा. चप्पल काढताना ते दोनदा खोकत, अगदी तसाच. ती उठून पाहायला जायची. मी तिला सांगितलं की हे फार जणांना होतं. वेल्समधल्या एका डॉक्टरनं जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं होतं आणि जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं. १९७१ साली ते छापूनही आलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे ते येत नाहीत?” मी म्हणालो, “नाही येत.”

ते उत्तर त्या पाहणीत नव्हतं. असा अनुभव किती सामान्य आहे एवढंच पाहणीनं सांगितलं होतं. ‘इतक्या जणांकडे येतात तर!’ असंही कुणी म्हणू शकलं असतं. माझा आजचा कल तरीही तोच आहे, पण कारणं दुसरी आहेत. चाळीस वर्षं ठरावीक वेळी ऐकलेला आवाज मन स्वतःच पुरवतं. वाट पाहत असलो की न वाजलेला फोनही ऐकू येतो. शिवाय त्या खोकल्यातून आईला आधी माहीत नसलेली एकही गोष्ट कधी कळली नाही. ओळखीच्या यंत्रणेनं सगळं उलगडत असेल, तर वरून आणखी एक गोष्ट गृहीत धरायला कारण उरत नाही. ही कारणं मी आईला दिली असती तर तिच्याशी प्रामाणिक राहिलो असतो. मी तिला आकडा दिला आणि त्याच्या जोरावर निकाल दिला.

चमत्काराचं स्पष्टीकरण मिळालं तर ते दिवा की कावीळ?

कशाचं स्पष्टीकरण मिळालं त्यावर आहे. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि देशाबाहेरही गेली. सोंडेला चमचा लावायचा, आणि दूध खरंच कमी होताना दिसायचं. ‘लोक अडाणी, अफवेला भुलले,’ असं म्हणणाऱ्यांनी घटनेचं नव्हे, लोकांचं स्पष्टीकरण दिलं. आणि तेही चूक होतं, कारण चमचा खरोखर रिकामा होत होता. पाहणाऱ्यांचे डोळे शाबूत होते.

दिव्याचं काम केलं ते दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी. त्यांनी दुधात रंग मिसळला. पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून दगडाकडे ओढलं जात होतं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली उतरत होतं. पांढऱ्या दुधाचा जो थर नजरेत येत नव्हता, तो रंगीत दुधात दिसला. कुणाला वेड्यात काढावं लागलं नाही. मात्र देव आहे की नाही, याबद्दल त्या रंगानं एक अक्षरही सांगितलेलं नाही. मूर्ती दूध पिते, हा एकच दावा पडला.

ज्याचं स्पष्टीकरण मिळतच नाही, त्याला चमत्कार मानायचं?

फ्रान्समधल्या लूर्डला १८५८ पासून आजारी माणसं बरी होण्याच्या आशेनं जातात. बरं झाल्याचे हजारो दावे आले, त्यांतले सत्तरच्या आसपास चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केले. तिथली कामाची विभागणी बघा. ‘आजच्या वैद्यकीय ज्ञानानुसार याचं स्पष्टीकरण देता येत नाही’ इतकंच डॉक्टर म्हणतात. ‘चमत्कार’ हा शब्द बिशप वापरतो. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला मध्ये एक पायरी लागते आणि ती पुराव्याची नाही. हजारो लोकांत काही जण अनपेक्षितपणे बरे होणारच; कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते.

धार्मिक दावे तपासताच येत नाहीत, मग वाद कशाला?

काही येतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. प्रार्थना होणार की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं निघालं: प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के होतं. अनोळखी माणसांची ठरवून केलेली प्रार्थना गुंतागुंत कमी करते, हा दावा इथे तरी टिकला नाही.

काही दावे तपासण्याजोगे असतात आणि नंतर तसे राहत नाहीत. विल्यम मिलर या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त पृथ्वीवर परतणार म्हणून वाट पाहिली. दिवस उलटला. त्यांच्यातल्या काहींनी तारीख बरोबरच होती असं ठरवलं. घटना घडली, पण ती स्वर्गात, असं म्हटलं. दावा असा आपल्या हातून निसटून वर जाताना दिसला, की मी तो क्षण नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या धर्मात जन्मला असतात तर दुसराच देव मानला असता. यावर उत्तर आहे?

माझ्या मते संशयवाद्यांचा हा सर्वांत जड मुद्दा आहे. आणि तो केवळ नास्तिकांचा नाही. अकराव्या शतकातले इस्लामी विचारवंत अल-गझाली यांनी पाहिलं की ख्रिस्त्यांची मुलं ख्रिस्ती होतात, ज्यूंची ज्यू आणि मुसलमानांची मुसलमान. ऐकीव समजुतीवरचा त्यांचा विश्वास तिथेच तुटला आणि खात्रीच्या ज्ञानाचा त्यांचा शोध सुरू झाला. शेवटी ते सूफी मार्गानं श्रद्धेकडेच परतले, पण वारशानं मिळालेल्या श्रद्धेकडे नाही.

‘नास्तिकही नास्तिक घरात वाढला म्हणूनच नास्तिक’ हे प्रत्युत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. पृथ्वी गोल आहे हेसुद्धा आपल्याला घरात किंवा शाळेत सांगितलं म्हणून आपण मानतो. पण तिथे वेगवेगळ्या घरांत वाढलेली माणसं तपासून एकाच उत्तरावर येतात. देव किती, तो साकार की निराकार, मेल्यावर काय, यावर हजारो वर्षं प्रामाणिकपणे शोधणारी माणसं तशी एका जागी आलेली नाहीत. जन्माच्या अपघाताचा मुद्दा या न जुळण्यामुळे धारदार होतो. कोणता धर्म खोटा हे तो सांगत नाही; आपल्या खात्रीतला किती भाग आपण कमावलेला नाही, हे दाखवतो.

श्रद्धेनं मन शांत होतं, मग ती खरी नाही का?

उपयोगी आहे. खरेपणा वेगळा. झोपेची गोळी म्हणून दिलेल्या साखरेच्या गोळीनंही झोप लागते.

धर्मग्रंथ माणसांनी लिहिला हे सिद्ध झालं, तर त्यावर उभं असलेलं सगळं सोडायचं?

कशावर काय उभं आहे ते आधी पाहा. मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय म्हटलं, कारण कर्ताच नसेल तर कर्त्याचा दोषही नसेल. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, उलट वाट धरली: कर्ता आहे, तो ईश्वर आहे, आणि तो भरवशाचा आहे म्हणून शब्द प्रमाण. दोघांनाही एक गोष्ट नीट कळली होती. वचनाचा अधिकारच त्याच्या उगमातून येत असेल, तर उगमाची चौकशी टाळता येत नाही. अशा ठिकाणी उगमाचं स्पष्टीकरण कावीळ राहत नाही, दिवा होतं.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण युरोपातलं आहे. चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइननं पश्चिमेकडच्या साम्राज्यावरची सत्ता पोपला दिली, असं सांगणारा एक दस्तऐवज पोपची बाजू मांडताना शतकानुशतकं पुढे केला जाई. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानानं त्याची लॅटिन भाषा शब्दशः तपासली. रोमी अधिकाऱ्यांच्या जोडीला त्यात ‘सत्रप’, म्हणजे इराणी साम्राज्यातले प्रांताधिकारी, आढळले. रोमी सम्राटाच्या फर्मानात सत्रप कुठून आले? असे शब्द दाखवत दाखवत त्यानं दस्तऐवज फार नंतरच्या काळातला असल्याचं सिद्ध केलं. दावाच ‘हे अमुक माणसानं लिहिलं’ असा होता, त्यामुळे लेखक दुसरा निघताच तो संपला.

पण त्या दस्तऐवजावर जेवढं टेकलं होतं तेवढंच पडलं. ख्रिस्ताविषयीचं एकही विधान त्यावर अवलंबून नव्हतं. ती खरी की खोटी, हा प्रश्न होता तिथेच राहिला. पुढे चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या कार्डिनल बॅरोनियसनंही दस्तऐवज बनावट असल्याचं मान्य केलं. आणि वाल्ला? ते लिहिल्यानंतर आठ वर्षांनी, १४४८ मध्ये, तो रोमला पोपच्याच कचेरीत लेखनिक म्हणून रुजू झाला.